लहान मुलांच्या आहारातील कर्बोदके: प्रमाणाआधी प्रत पाहावी

मुलाचे वजन वाढते आहे अशी शंका आली की त्याच्या ताटातले धान्य आणि बटाटा आधी कमी केला जातो. हा उपाय बहुधा चुकीच्या जागी केलेला असतो. वाढत्या वयात एकूण ऊर्जेचा निम्म्याच्या आसपास वाटा कर्बोदकांतूनच मिळतो आणि तो मिळायलाही हवा; प्रश्न असतो तो ही कर्बोदके कोणत्या पदार्थांतून येतात हा. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 मध्ये दिलेल्या शिफारशीनुसार दोन वर्षांवरील सर्वांना कर्बोदके मुख्यतः अखंड (कोंड्यासकट) धान्ये, भाज्या, फळे आणि कडधान्ये यांतून मिळावीत, आणि दोन ते पाच वर्षांच्या मुलांच्या आहारात रोज किमान 250 ग्रॅम भाज्या-फळे व 15 ग्रॅम तंतू (फायबर) असावेत.

सुरुवात पेयांपासून करावी, कारण सर्वाधिक फरक तिथेच पडतो. अख्खे संत्रे सोलून, चावून खाताना वेळ जातो, तंतूंमुळे पोट भरल्याची जाणीव होते आणि दुसरे संत्रे मूल सहसा मागत नाही. तीन संत्र्यांचा रस मात्र ते दोन मिनिटांत संपवते आणि जेवायलाही तितक्याच भुकेने बसते. द्रवरूपात घेतलेल्या साखरेची भरपाई मूल पुढच्या जेवणात पुरेशी करत नाही. नेदरलँड्समधील 641 मुलांवरच्या, 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात एका गटाला रोज 250 मिलिलिटर साखरयुक्त पेय, तर दुसऱ्याला तसेच बिनसाखरेचे पेय देण्यात आले. 18 महिन्यांत पहिल्या गटाचे वजन सरासरी 7.37 किलोने, तर दुसऱ्याचे 6.35 किलोने वाढले. यावरून कृत्रिम गोडव्याची पेये द्यावीत असा अर्थ काढू नये, कारण वजन आटोक्यात ठेवण्यासाठी असे पदार्थ वापरू नयेत असे जागतिक आरोग्य संघटनेनेच सांगितले आहे. तहानेला पाणी द्यावे, आणि दूध द्यायचे तर साखर न घालता.

त्यानंतर पाकिटांकडे वळावे. संघटनेच्या मते मोकळ्या, म्हणजे मुख्यतः वरून घातलेल्या, साखरेतून येणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या 10 टक्क्यांहून कमी, शक्यतो 5 टक्क्यांहून कमी असावी. दिवसाला 1200 कॅलरी लागणाऱ्या मुलासाठी 10 टक्के म्हणजे 30 ग्रॅम आणि 5 टक्के म्हणजे 15 ग्रॅम साखर. मध, ग्लुकोज सिरप आणि फळांचा रसही याच हिशेबात धरावा. अख्ख्या फळातली आणि दुधातली नैसर्गिक साखर धरू नये.

धान्याचा तयार पदार्थ निवडताना एकूण कर्बोदकांना तंतूंनी भागून पाहावे. समजा, एका बिस्किटाच्या पाकिटावर 100 ग्रॅममागे 72 ग्रॅम कर्बोदके आणि 2 ग्रॅम तंतू लिहिले असतील, तर भागाकार 36 येतो. साध्या ओट्सचा तो सहाच्या आसपास येतो. दहा किंवा त्याहून कमी आल्यास पदार्थ बरा समजावा. ही कसोटी दुधाला लावू नये, कारण त्यात तंतू नसतातच. पाकिटाच्या दर्शनी भागावरील ‘मल्टिग्रेन’ या शब्दाचा तर या हिशेबाशी काहीच संबंध नाही: अनेक धान्यांचे पीठही कोंडा काढून टाकलेले असू शकते.

ग्लायसेमिक निर्देशांकाच्या, म्हणजे पदार्थ रक्तातील साखर किती झपाट्याने वाढवतो या मापाच्या, मागे मात्र फार लागू नये. मुलांच्या वजनाशी त्याचा संबंध सर्व अभ्यासांत सारखा आढळत नाही, आणि चरबीमुळे तळलेल्या वेफर्सचा निर्देशांक उकडलेल्या बटाट्यापेक्षा कमी भरतो, एवढ्यावरूनच त्याची मर्यादा लक्षात यावी.

बदल हळूहळू करावा. निम्मे पीठ अखंड धान्याचे करून दोन-तीन आठवड्यांत प्रमाण वाढवत न्यावे आणि पाणीही वाढवावे, अन्यथा पोट फुगते किंवा बद्धकोष्ठता होते. दोन वर्षांखालील बाळाला वरून घातलेली साखर देऊ नये आणि एक वर्षाखाली मध तर मुळीच नको, कारण त्यातून बॉट्युलिझमचा, म्हणजे जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या गंभीर आजाराचा, धोका असतो. दोन वर्षांखाली कोंडाही वेगळा घालू नये. इवलेसे पोट त्यानेच भरले तर पुरेशी ऊर्जा मिळत नाही आणि लोहाचे शोषणही घटते.

पाच वर्षांखालील मुलाचे वजन जास्त आहे की नाही हे नुसत्या नजरेने न ठरवता उंचीच्या तुलनेत वाढीच्या तक्त्यावर पाहावे, आणि जेवणाचे प्रमाण कमी करण्यापूर्वी तो तक्ता बालरोगतज्ज्ञांना दाखवावा.