आरव्हीत ईएमएस बसवताना या चुका टाळा

अमेरिकेतील कॅम्पग्राउंडच्या वीजखांबावर डोळे मिटून विश्वास ठेवता येत नाही. उन्हाळ्यात दुपारी सगळ्यांचे एसी एकदम सुरू झाले की व्होल्टेज घसरते आणि वर्षानुवर्षे वापरलेल्या सॉकेटमधली न्यूट्रलची पकड सैल झालेली असते. म्हणून बरेच आरव्हीधारक (आरव्ही म्हणजे राहण्याची सोय असलेली प्रवासी गाडी) ईएमएस हे सदोष वीजपुरवठ्यापासून वाचवणारे उपकरण नंतर विकत घेऊन गाडीत कायमचे बसवतात. सोबतची पुस्तिका मात्र चारपानी असते आणि कंपनीचा फोन कोणी उचलत नाही. त्यामुळे जोडणीतली चूकही उपकरणाच्या माथी मारली जाते.

खरेदीतच होणारी चूक म्हणजे साधा सर्ज प्रोटेक्टर घेऊन निश्चिंत होणे. तो क्षणिक उसळी शोषून घेतो, पण घसरलेले व्होल्टेज किंवा तुटलेला न्यूट्रल यांच्यापुढे त्याचा उपयोग नाही. ५० अँपिअरच्या जोडणीत १२० व्होल्टच्या दोन फेज असतात आणि न्यूट्रल तुटला की त्यांच्यातले २४० व्होल्ट दोन्ही बाजूंना भारानुसार विषम वाटले जातात, म्हणजे एकीकडे दिवे मंदावतात आणि दुसरीकडे मायक्रोवेव्ह जळतो. ईएमएस अशा वेळी पुरवठाच तोडते. प्रचलित उपकरणांत ही मर्यादा साधारण १०४ ते १३२ व्होल्ट असते.

काम सुरू करण्यापूर्वी खांबाची केबल काढली म्हणजे वीज गेली, असे समजू नये. इन्व्हर्टर बॅटरीवरून पॅनेलमध्ये १२० व्होल्ट सोडू शकतो आणि जनरेटर आपोआप सुरू होण्याची सोय असेल, तर तो तुमचे हात आत असतानाच चालू होईल. दोन्ही बंद करून मल्टिमीटरने खात्री करावी.

आपल्याकडून येथे आलेल्यांनी तारांच्या रंगांबाबत विशेष सावध राहावे. भारतातील वायरिंगमध्ये लाल तार फेजची आणि काळी न्यूट्रलची असते, हे इतके अंगवळणी पडलेले असते की हात आपोआप तसाच चालतो. अमेरिकेत काळी तार फेजची, पांढरी न्यूट्रलची, हिरवी किंवा उघडी अर्थची आणि ५० अँपिअरमध्ये लाल तार दुसऱ्या फेजची असते. खांबाकडून येणाऱ्या बाजूला काळी-पांढरी उलटली, तर उपकरण फेज-न्यूट्रल उलटे असल्याचा कोड दाखवते आणि मालक कॅम्पग्राउंडच्या व्यवस्थापकाशी भांडत बसतो. तोच कोड दोन-तीन वेगवेगळ्या ठिकाणी आला, तर दोष स्वतःच्या गाडीत शोधावा. पॅनेलकडे जाणाऱ्या बाजूची उलटापालट अधिक घातक असते, कारण उपकरण आत येणारा पुरवठा तपासते आणि पुढची चूक त्याला दिसतच नाही.

गाडीला जनरेटर असेल, तर ईएमएस ट्रान्सफर स्विचच्या (खांबाची वीज घ्यायची की जनरेटरची, हे बदलणाऱ्या स्विचच्या) अलीकडे बसवायचे की पलीकडे, हे आधी ठरवावे. खांब आणि स्विच यांच्यामध्ये बसवल्यास फक्त खांबाच्या विजेपासून संरक्षण मिळते. स्विचनंतर बसवल्यास जनरेटरही त्याच्या नजरेखाली येतो. ३० अँपिअरसाठी १० गेजची आणि ५० अँपिअरसाठी ६ गेजची तांब्याची तार लागते. या जाड तारेचे सर्व पदर टर्मिनलमध्ये गेले आहेत ना, हे टॉर्च धरून पाहावे. गाडीच्या हादऱ्यांनी स्क्रू सैल होतात, म्हणून पहिल्या प्रवासानंतर वीज तोडून ते पुन्हा आवळावेत. सर्व उपकरणे चालू असूनही अँपिअर शून्य दिसत असतील, तर फेजची तार प्रवाह मोजणाऱ्या सेन्सरच्या कड्यातून ओवायची राहिली असण्याची शक्यता मोठी.

वीज जोडूनही काहीच चालू होत नाही, ही तक्रार नेहमीचीच आहे. एसीच्या कॉम्प्रेसरला जपण्यासाठी अनेक उपकरणे दोन मिनिटांहून अधिक काळ पुरवठा रोखून धरतात. तेवढा धीर धरावा. नेण्याजोग्या लहान जनरेटरवर अर्थ तुटल्याचा कोड आला, तर त्याचे कारण बहुधा जनरेटरमध्येच असते, कारण त्यातला न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो. त्यासाठी न्यूट्रल आणि अर्थ जोडणारा प्लग जनरेटरच्या मोकळ्या सॉकेटमध्ये लावतात. ही जोडणी आरव्हीच्या पॅनेलमध्ये कधीही करू नये, अन्यथा खांबाला जोडल्यावर न्यूट्रलचा प्रवाह अर्थच्या तारेतून वाहू लागतो.

घरी ३० अँपिअरचे सॉकेट बसवून घेतल्यावर उपकरण वीज आत घेतच नसेल, तर त्याचे आभार मानावेत. कपडे वाळवण्याच्या यंत्राच्या सवयीने काही इलेक्ट्रिशियन तेथे २४० व्होल्ट देतात. फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ या दोन्ही जोड्यांत १२० च्या आसपास आणि न्यूट्रल-अर्थमध्ये जवळपास शून्य व्होल्ट यायला हवेत. हे न मोजता बायपासचे, म्हणजे उपकरणाचे संरक्षण वगळून वीज आत घेण्याचे, बटण दाबणे हा मात्र शुद्ध अविचार आहे.

एवढे करूनही दोष उरला, तर कंपनीला केवळ ‘चालत नाही’ असे कळवू नये. मॉडेल आणि अनुक्रमांक, त्रुटीचा कोड, वरील तिन्ही मापे, तसेच झाकण काढून टर्मिनलचे घेतलेले स्पष्ट छायाचित्र एकाच ई-मेलमध्ये पाठवावे, कारण आठवड्याने उत्तर आलेच, तर त्यात नेमकी हीच माहिती मागितलेली असते.