उन्हाळ्याच्या तोंडावर फुलणारा ग्लॅडिओलस

पुणे-नाशिककडच्या हवेत एप्रिलआधी फुलं हवी असतील, तर कंद डिसेंबरअखेरीस लावा. लागवडीपासून फुलापर्यंत साधारण 70 ते 100 दिवस लागतात. विदर्भाच्या कडक उन्हात दांडे आखूड राहतात, तिथे ऑक्टोबरच बरा.

कंद 4-5 सेंटिमीटर व्यासाचा, घट्ट आणि उंचट निवडा. रुंद, चपटा कंद बहुधा जुना असतो. नुकताच काढलेला कंद लावू नका. त्याची सुप्तावस्था संपायला दोन-तीन महिने लागतात, तोवर तो मातीत नुसता बसून राहतो.

कोरडी साल काढून कंद बुरशीनाशकाच्या द्रावणात अर्धा तास बुडवा. हे टाळू नका, कारण मर रोग कंदातूनच येतो आणि एकदा पानं पिवळी पडू लागली की उपाय उरत नाही. निचऱ्याच्या मातीत 8-10 सेंटिमीटर खोल, 15 सेंटिमीटर अंतरावर, कोंब वर ठेवून लावा. उथळ लावल्यास दांडा कोलमडतो.

तीन ते सहा पानांच्या काळात पाणी तुटू देऊ नका. दांडा आत तेव्हाच घडतो. पाणी किंवा ऊन कमी पडलं तर फूल येतच नाही. पानांवर चंदेरी रेघा दिसल्या तर ते फुलकिडे, लगेच निंबोळी अर्क फवारा.

खालच्या कळीचा रंग दिसताच दांडा कापा, पण चार पानं झाडावर ठेवा, नवा कंद त्यांच्यावरच पोसतो. सहा-आठ आठवड्यांनी पानं पिवळी पडली की पाणी तोडा, कंद उपटून सावलीत सुकवा आणि तळाचा सुरकुतलेला जुना कंद काढून टाका.