जुनी लेन्स घेताय? नाव वाचून पैसे देऊ नका, या चुका टाळा

जळगाव, धुळे, भुसावळकडचे जुने फोटो स्टुडिओ एकेक करून बंद होतायत आणि त्यांचे एन्लार्जर (निगेटिव्हवरून मोठा फोटो छापायचं यंत्र) भंगारात निघतायत, मग आपली पोरं त्याची लेन्स काढून मिररलेसला, म्हणजे आत आरसा नसलेल्या डिजिटल कॅमेऱ्याला लावायला बघतात. आयडिया भारी आहे, पण विकणारा "जर्मन माल आहे भाऊ" म्हणाला की लगेच खिशात हात घालू नका.

जर्मन म्हणजे नेमकी कुठली ते बघा. श्नायडर कंपनीच्या कंपोनार लेन्समध्ये ३ काचा, कंपॅरॉनमध्ये ४ आणि कंपोनॉनमध्ये ६. नावं इतकी सारखी की घाईत कंपोनारला कंपोनॉनचा भाव देऊन लोक मोकळे होतात. रोडेनस्टॉक कंपनीचं पण तसंच, रोगोनार ३, रोगोनार-एस ४ आणि रोडागॉन ६. तीन काचांची वाईट असते असं नाही, लहान प्रिंटला चालते, पण कडा मऊ येतात, त्यामुळे भाव पण तसाच द्यायचा. जपानी एल-निक्कोर ५० एमएम एफ २.८ मिळाली तर ती ६ काचांची आहे, सोडू नका.

सगळ्यात जास्त पैसे कुठे बुडत असतील तर लेन्स फिरवून बसवायच्या आट्यांच्या घोळात. ३९ एमएमचे आटे जुन्या लायका कॅमेऱ्याला, सुरुवातीच्या रशियन झेनिट कॅमेऱ्याला आणि बहुतेक एन्लार्जर लेन्सना पण, म्हणून लोकांना वाटतं की फिरवली आणि बसली म्हणजे झालं. पण लेन्सच्या बुडापासून फिल्मपर्यंतचं अंतर लायकात २८.८ एमएम आणि झेनिटमध्ये ४५.२, त्यामुळे झेनिटची लेन्स लायकाच्या अडॅप्टरवर गच्च बसेल आणि जवळचं-लांबचं काहीच फोकस होणार नाही. एन्लार्जर लेन्सला तर फोकसची रिंगच नसते, हेलिकॉइड, म्हणजे फिरवून लेन्स पुढे-मागे करणारी नळी, वेगळा घ्यावा लागतो. डीएसएलआरवर ५० एमएमची लावाल तर त्या कॅमेऱ्याच्या आतल्या आरशामुळे लेन्स सेन्सरच्या पुरेशी जवळ जातच नाही, फक्त जवळच्या वस्तू येतात, तिथे ७५ किंवा ८० एमएमची शोधा. मिररलेसला ५० चालते. तशी या लेन्सची खरी मजा जवळच्या कामातच आहे, आपल्या चाळीसगावच्या केकी मूस यांनी ज्या टेबलटॉप (टेबलावर वस्तू मांडून केलेल्या) फोटोग्राफीत नाव काढलं तसलं काही करायचं असेल तर बेस्ट.

अॅपर्चरचे (उजेड आत घेणाऱ्या भोकाचे) आकडे उजळणारी कंपोनॉन-एस असेल तर आकड्यांच्या खिडकीतून कॅमेऱ्यात उजेड शिरतो आणि फोटो फिका येतो. लेन्सला दोष देण्याआधी तिथे काळी टेप लावा.

आता आपल्या हवेचा विषय. मे महिन्यात पत्र्याच्या खोलीत पडलेल्या कॅमेरा लेन्समधलं ग्रीस पातळ होऊन अॅपर्चरच्या पात्यांवर येतं आणि पाती चिकटतात, त्यामुळे घेताना अॅपर्चर उघडबंद करून बघाच (आणि प्लीज घरचं मशिनचं तेल सोडू नका, एवढंच सांगतो). पावसाळ्यात चामड्याच्या केसमध्ये ठेवली की बुरशी, केस ओल धरून ठेवते. अॅपर्चर पूर्ण उघडून मागून तिरका टॉर्च मारा. धुळीचे चार कण असले तर काही बिघडत नाही, पण कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर भाव पाडा किंवा निघा, कारण बुरशीने काचेवरचं कोटिंग खाल्लं असेल तर साफ केल्यावरही डाग राहतो. कडेला इंद्रधनुष्यासारखे रंग दिसले तर दोन काचांमधला डिंक सुटलाय, ते घरी होणारं काम नाही.

काच पिवळी दिसली म्हणून मात्र फेकू नका. पेंटॅक्सच्या सुपर-टाकुमार ५० एमएम एफ १.४ या लेन्सच्या बऱ्याच नगांत थोरियम (एक किरणोत्सर्गी धातू) असलेली काच आहे, ती वयाने पिवळी पडते आणि अल्ट्राव्हायोलेट उजेडाने हळूहळू निवळते. लगेच गच्चीवर नेऊन ठेवाल, तर आपल्या उन्हात ग्रीस वितळेल आणि लेन्समधून एकवटलेलं ऊन काहीतरी जाळेल ते वेगळंच, त्यापेक्षा घरात यूव्ही एलईडीखाली काही दिवस ठेवा.