तान्ह्या पोळ्याचं सगळं डिझाईन, आणि इलस्ट्रेटरमधले आर्टबोर्ड सांभाळायचे कसे

पोळा जवळ आला की नागपुरात डिझाईनवाल्याकडे एक ठरलेलं काम येतेच, कॉलनीतल्या मंडळाचा तान्हा पोळा. पोरं लाकडी नंदी सजवून आणतात, स्पर्धा होते, बक्षिसं वाटतात, आणि मंडळाचे काका जी यादी देतात ती साधारण अशी: स्टेजमागचा 20 बाय 10 फुटाचा बॅकड्रॉप, गेटवर 10 बाय 4 चा फ्लेक्स, ए-5 पॅम्प्लेट दोन्ही बाजूनं, ए-4 आडवं सर्टिफिकेट, नाश्त्याचं कूपन, व्हॉट्सअ‍ॅप स्टेटससाठी 1080 बाय 1920 आणि इन्स्टासाठी 1080 बाय 1350. सगळ्यात तोच नंदी, तेच मंडळाचं नाव, तीच तारीख न् वेळ. आता प्रत्येकाची वेगळी फाईल करत बसले तर कार्यक्रमाच्या आदल्या रात्री काकांचा फोन येणार, "बेटा, वेळ चारची पाच करून दे", आणि तुम्ही सगळ्या फाईली एकेक उघडून बदलत बसणार, त्यात एखादी राहूनच जाते.

म्हणून आर्टबोर्ड. एका फाईलमध्ये वेगवेगळ्या साईजची हवी तेवढी पानं, एकाच टेबलावर मांडलेली. इलस्ट्रेटरमध्ये (अडोबचं डिझाईनचं सॉफ्टवेअर) ही सोय 2008 च्या सीएस 4 व्हर्जनपासून आहे, तेव्हा 100 ची लिमिट होती, सीसी 2018 पासून 1000 आहे. म्हणजे जागेची अडचण नाही, अडचण वेगळीच आहे.

अडचण अशी की जमते म्हणून लोक सगळंच एका फाईलमध्ये कोंबतात. पण तीन गोष्टी अशा आहेत की त्या आर्टबोर्डच्या नसतात, पूर्ण फाईलच्या असतात: कलर मोड, ब्लीड (कापताना पांढरी कड राहू नये म्हणून पानाबाहेर वाढवलेलं डिझाईन), आणि शॅडो-ग्लोसारख्या इफेक्टचं रिझोल्यूशन. स्टेटसचा आर्टबोर्ड आरजीबी (स्क्रीनचे रंग) आणि बाजूचं पॅम्प्लेट सीएमवायके (छपाईच्या शाईचे रंग) असं एका फाईलमध्ये होतच नाही. सीएमवायके फाईलमधून स्टेटस काढलं तर तो झगझगीत हिरवा न् भगवा मळकट दिसते, आणि आरजीबी फाईल प्रेसला दिली तर छापून आल्यावर काका विचारतात रंग असा काहून आला. म्हणून काहीही उघडायच्या आधी यादी घेऊन बसा आणि गठ्ठे पाडा. वरच्या यादीचे तीन गठ्ठे होतात: पॅम्प्लेट, सर्टिफिकेट, कूपन एका फाईलमध्ये (सीएमवायके, 3 मिमी ब्लीड, 300 पीपीआय म्हणजे एका इंचात 300 पिक्सेल), बॅकड्रॉप आणि गेटचा फ्लेक्स दुसऱ्या फाईलमध्ये, स्टेटस आणि इन्स्टा तिसऱ्या आरजीबी फाईलमध्ये. सगळंच एका फाईलमध्ये ठेवण्यापेक्षा तीन फाईली कधीही बऱ्या, हे माझं पक्कं मत आहे.

फ्लेक्सचं जरा वेगळं सांगतो, कारण इथं बरेच जण अडकतात. इलस्ट्रेटरचा साधा कॅनव्हास 227.5 बाय 227.5 इंच, म्हणजे 19 फुटाला जरासा कमी. 20 फुटाचा बॅकड्रॉप त्यात बसतच नाही, 240 इंच होतात ना. नव्या व्हर्जनमध्ये याच्या दहापट मोठा लार्ज कॅनव्हास मिळते, पण पुढं पीडीएफ केली की तिचीही जुनी 200 इंचाची लिमिट आहे, आणि तुमची फाईल ज्या दुकानात उघडणार तिथलं सॉफ्टवेअर किती जुनं आहे ते तुमच्या हातात नाही. मग सरळ 1:10 स्केलवर करा. बॅकड्रॉप 24 बाय 12 इंच, गेटचा फ्लेक्स 12 बाय 4.8 इंच. फोटो टाकताना हिशोब सोपा आहे, या छोट्या साईजला 720 पीपीआय असेल तर खऱ्या साईजला 72 राहते, आणि लांबून पाहायच्या फ्लेक्सला तेवढं चालून जाते. फक्त आर्टबोर्डच्या नावातच लिहून ठेवा की हे 1:10 आहे, नाही तर दुकानातला पोरगा 24 इंचाचाच बॅनर काढून देईल आणि त्याची काही चूकही नसेल.

आता प्रत्यक्ष कामाला लागू. नवीन फाईल करताना आर्टबोर्ड किती ते विचारते, तिथं एकच ठेवा, बाकीचे नंतर करता येतात आणि साईज वेगळी असल्यानं तसंच बरं पडते. शिफ्ट + ओ दाबलं की आर्टबोर्ड टूल येते, मोकळ्या जागेत ओढलं की नवा आर्टबोर्ड तयार, मग वरच्या पट्टीत रुंदी-उंचीचे खरे आकडे टाका. माऊसनं अंदाजे ओढून सोडू नका, 148 बाय 210 ऐवजी 147.8 झालं की प्रेसवाला परत पाठवतो. कंट्रोल + शिफ्ट + ओ म्हणजे क्रिएट आउटलाइन्स, त्यानं अक्षरांचे नुसते आकार होतात आणि मजकूर टाईप करून बदलता येत नाही, तेव्हा घाईत बोट कुठं पडून राहिलं ते पाहत जा.

पॅम्प्लेटची पुढची बाजू झाली की मागची नव्यानं करू नका, आर्टबोर्ड टूल चालू असताना ऑल्ट धरून आर्टबोर्ड ओढा, कॉपी होते. वरच्या पट्टीत "मूव्ह/कॉपी आर्टवर्क विथ आर्टबोर्ड" म्हणून बटण आहे, ते दाबलेलं असेल तर आतलं डिझाईनही सोबत येते, नसेल तर रिकामा आर्टबोर्ड येते. लॉक केलेल्या आणि लपवलेल्या वस्तू मागं राहून जाऊ शकतात, प्रेफरन्सेसमध्ये त्यांना सोबत न्यायची टिक आहे ती एकदा करून टाका. बॅकग्राउंड लॉक करायची सवय सगळ्यांनाच असते, आणि मग आर्टबोर्ड हलला की बॅकग्राउंड तिथंच बसून राहते.

दुसरी एक सोय फार कमी लोक वापरतात. कागदावर काढतो तसे आधी साधे आयत काढून घ्या, सगळे सिलेक्ट करा आणि ऑब्जेक्ट > आर्टबोर्ड्स > कन्व्हर्ट टू आर्टबोर्ड्स. प्रत्येक आयताचा आर्टबोर्ड होतो. फक्त आयत तिरपा नको.

यानंतर आर्टबोर्ड्स पॅनल उघडा, विंडो मेनूत आहे. सगळी शिस्त याच पॅनलमध्ये आहे. नावावर डबल क्लिक करून प्रत्येकाला नाव द्या: pamphlet-front असं रोमनमध्ये नका देऊ असं कोणी सांगत असेल तर ऐकू नका, फाईलचं नाव रोमनमध्येच बरं, दुसऱ्याच्या जुन्या मशीनवर देवनागरी नावाचे नुसते चौकोन दिसू शकतात. हेच नाव पुढं एक्सपोर्ट केल्यावर फाईलला लागते. "आर्टबोर्ड 4 कॉपी 2" नावाची जेपीजी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवून मग हे सर्टिफिकेट आहे की कूपन हे फोनवर समजावत बसण्यात मजा नाही. आणि पॅनलमध्ये जो क्रम, तोच पीडीएफच्या पानांचा क्रम, म्हणून पुढची बाजू वर आणि मागची तिच्या खाली ओढून ठेवा.

क्रम लागला की ऑब्जेक्ट > आर्टबोर्ड्स > रीअरेंज ऑल. इथं किती कॉलम, दोन आर्टबोर्डमध्ये किती अंतर ते विचारते. ते अंतर सहसा 20 पिक्सेल (इथं पिक्सेल आणि पॉइंट सारखेच) दिसते आणि लोक ओके करून मोकळे होतात. आता हिशोब पाहा, 3 मिमी ब्लीड म्हणजे साडेआठ पॉइंट, शेजारचाही तेवढाच, झाले 17, म्हणजे कसंबसं बसते. पण प्रेसनं 5 मिमी मागितला तर दोन्ही मिळून 28 च्या वर जाते, आणि मग शेजारच्या सर्टिफिकेटचा ब्लीड तुमच्या पॅम्प्लेटच्या ब्लीडमध्ये घुसतो. स्क्रीनवर ते लक्षातही येत नाही. म्हणून अंतर 50 मिमी टाका, जागा काही विकत घ्यायची नाही. "मूव्ह आर्टवर्क विथ आर्टबोर्ड" ची टिक तिथंही पाहून घ्या.

आता ती वेळेची भानगड. मंडळाचं नाव, लोगो, नंदी, आणि "दुपारी 4 वाजता, कॉलनीचं मैदान" ही ओळ, हे सगळं सिम्बॉल करून टाका. सिलेक्ट करा, सिम्बॉल्स पॅनलमध्ये ओढा, आणि मग सगळ्या आर्टबोर्डवर तोच सिम्बॉल वापरा. आदल्या रात्री फोन आला तर एका ठिकाणी डबल क्लिक, चारचे पाच, एस्केप, त्या फाईलमधल्या पॅम्प्लेटच्या दोन्ही बाजू आणि कूपन सगळीकडे पाच. तीन फाईली आहेत म्हणजे तीनदा करावं लागते, ते मान्य. रंगाचंही तसंच, स्वॉच (पॅनलमध्ये साठवलेला रंग) करताना "ग्लोबल" टिक करा, मंडळाला भगवा जरा गडद हवा असला की एक स्वॉच बदलली की झालं. फोटो लिंक ठेवा (म्हणजे फोटो बाहेरच्या फाईलीतच राहतो), एम्बेड म्हणजे फाईलच्या आत टाकणं शेवटी करा.

एखादी गोष्ट सगळ्या आर्टबोर्डवर त्याच जागी हवी, समजा खाली कोपऱ्यात मंडळाचा लोगो, तर कॉपी करून कंट्रोल + ऑल्ट + शिफ्ट + व्ही. सगळीकडे एकदम चिकटते. पण साईज वेगवेगळी असेल तर कोपरा जुळत नाही, हे फक्त सारख्या साईजच्या पानांना कामाचं. एकाच आर्टबोर्डवरचं सगळं सिलेक्ट करायचं तर कंट्रोल + ऑल्ट + ए, नुसतं कंट्रोल + ए केलं तर पूर्ण फाईल सिलेक्ट होते. कंट्रोल + 0 नं चालू आर्टबोर्ड स्क्रीनभर दिसते, कंट्रोल + ऑल्ट + 0 नं सगळे. गाईडलाईन आर्टबोर्ड टूल चालू असताना ओढली तर त्या आर्टबोर्डपुरतीच राहते, नाही तर पूर्ण कॅनव्हासभर आडवी जाते.

कूपनचे आठ आर्टबोर्ड करू नका, एका ए-4 आर्टबोर्डवर आठ कूपन मांडा. सर्टिफिकेटही एकच, पोरांची नावं पेनानं लिहा, नाही तरी अर्ध्या पोरांची नावं स्पर्धेच्या दिवशीच कळतात.

एक्सपोर्टचं दोन वेगळ्या वाटांनी करायचं. स्क्रीनवाली फाईल असेल तर फाईल > एक्सपोर्ट > एक्सपोर्ट फॉर स्क्रीन्स, सगळे आर्टबोर्ड छोट्या चित्रांत दिसतात, हवे ते टिक करा, फॉरमॅट पीएनजी, स्केल 1एक्स, आणि 1080 चा आर्टबोर्ड 1080 चाच निघतो. जुन्या "एक्सपोर्ट अ‍ॅज" मधून करत असाल तर "यूज आर्टबोर्ड्स" ची टिक विसरू नका, ती नसेल तर बाजूला फेकून ठेवलेले नंदीचे तुकडे, रिजेक्ट झालेली हेडिंगं, सगळं मिळून एक लांबलचक चित्र निघते आणि ते मंडळाच्या ग्रुपवर गेलं की मग विचारूच नका.

प्रेससाठी सेव्ह अ कॉपी करून पीडीएफ. तिथं रेंजमध्ये 1-2 टाकलं की फक्त पॅम्प्लेटची दोन पानं जातात, मार्क्स अँड ब्लीड्समध्ये "यूज डॉक्युमेंट ब्लीड सेटिंग्ज" टिक करा. मराठी मजकुराचं मात्र आधी पाहून घ्या. युनिकोड फॉन्टमध्ये जोडाक्षरं तुटत असतील, म्हणजे "स्पर्धा" मधला रफार भलतीकडेच बसून राहिला असेल, तर प्रेफरन्सेसच्या टाईपमध्ये "शो इंडिक ऑप्शन्स" चालू करा आणि पॅराग्राफ पॅनलच्या मेनूतून वर्ल्ड-रेडी कंपोझर निवडा. जुन्या श्रीलिपीच्या, म्हणजे युनिकोड नसलेल्या फॉन्टात काम असेल तर समोरच्याकडे तो फॉन्ट नसला की सगळं इंग्रजी अक्षरांचं भजं दिसते, म्हणून आउटलाइन करूनच द्या. पण आधी फाईलची वेगळी कॉपी करा, नावात outline लिहा, आणि मगच कंट्रोल + ए, कंट्रोल + शिफ्ट + ओ. सिम्बॉलच्या आतला मजकूर यानं आउटलाइन होत नाही, आधी सिम्बॉलची लिंक तोडावी लागते, आणि हे लक्षात न ठेवता नेमकी ती तारखेचीच ओळ फॉन्टाविना प्रेसला जाते.

फ्लेक्सच्या दुकानात बहुतेक कोरल ड्रॉ चालते. तिथं आर्टबोर्ड म्हणजे पेज, खाली टॅब दिसतात, प्रत्येक पेजची साईज वेगळी ठेवता येते, पण "फक्त चालू पेजला लावा" हे निवडायचं, नाही तर सगळ्याच पेजची साईज बदलते. सगळ्या पेजवर यावं असं काही असेल तर ते मास्टर लेयरवर टाका. सगळी पेजं एकत्र मांडून पाहायची सोय 2021 च्या व्हर्जनपासून आहे, दुकानात त्यापेक्षा जुनं असेल तर एकेक टॅब उघडूनच पाहावं लागते. म्हणून फ्लेक्सच्या फाईलमधल्या प्रत्येक आर्टबोर्डची वेगळी पीडीएफ करून द्या, दुकानात कोणती पाहिजे हा प्रश्नच उरत नाही.

आणि विकत घ्यायचं नसेल तर इंकस्केप फुकट आहे, 2022 च्या 1.2 व्हर्जनपासून त्यातही एका फाईलमध्ये अनेक पेज करता येतात आणि एकदम एक्सपोर्टही होतात. स्टेटस न् इन्स्टाचं काम त्यात आरामात निघते, फक्त ते मुळात आरजीबीमध्ये चालते, तेव्हा पॅम्प्लेटच्या प्रेसच्या फाईलसाठी त्याच्या भरवशावर राहू नका.