देव ‘तो’, ‘ती’ की ‘ते’? लिहायला बसलात तर एवढं करा

मागच्या पावसाळ्यात एक चाळीस पानी प्रार्थनापुस्तिका माझ्याकडे तपासायला आली. मूळ इंग्रजी, अनुवाद मराठी. छापून घेणाऱ्या मंडळींचं म्हणणं होतं, देवाला पुरुष कशाला ठरवायचं? म्हणून अनुवादकाने शेवटच्या रात्री संगणकाला ‘तो’ शोधायला लावून सगळीकडे ‘ते’ घातलेलं. पहिल्याच पानावर ‘स्तेत्र’. चौथ्यावर ‘संतेष’. पुढे ‘तेंडाने नाम घ्यावे’, आणि अखेरीस पसायदानात ‘येणें वाग्यज्ञें तेषावें’. शिवाय ‘देव रक्षण करतो’चं ‘देव रक्षण करते’ झालं होतं. नपुंसकलिंग साधायला गेले आणि वाचणाऱ्याला बाई दिसायला लागली.

मी एकतीस वर्षं पुण्यात प्रूफं तपासते. आरतीसंग्रह, दिवाळी अंक, कीर्तनकारांची चरित्रं, वसईकडच्या ख्रिस्ती धर्मग्रामांची पत्रकं, काय हाती येईल ते. देवाला खरोखर लिंग आहे का, हे मला कोणी विचारत नाही आणि मीही सांगायला जात नाही. पण मराठीत वाक्य पुरं करायचं तर तो प्रश्न दारात उभाच असतो. इंग्रजीवाल्यांचं भांडण एका सर्वनामावर भागतं. आपलं क्रियापदच ‘आला’, ‘आली’, ‘आलं’ असं बोट दाखवतं. तेव्हा हे निभवायचं कसं, माझ्या हाताला जे वळण पडलंय ते लिहून ठेवते.

सगळ्यात आधी सर्वनाम सोडा, नाम निवडा. लिंग शब्दाला असतं, ज्याच्याबद्दल तो शब्द वापरला त्याला असेलच असं नाही. देव, ईश्वर, परमात्मा, प्रभू पुल्लिंगी. शक्ती, देवता, आदिमाया, माउली स्त्रीलिंगी. दैवत, ब्रह्म, चैतन्य, तत्त्व नपुंसकलिंगी. महात्मा फुल्यांचा ‘निर्मीक’ कामावरून पडलेलं नाव, पण व्याकरणात पुल्लिंगीच. संस्कृतात तर ‘देवता’ हा शब्द इंद्राला लावा नाहीतर अग्नीला लावा, स्त्रीलिंगीच राहतो, आणि त्याने इंद्राची मिशी काही गळून पडत नाही. ‘ब्रह्म’ आणि ‘ब्रह्मा’ यांत मात्र एका कान्यावरून निर्गुण तत्त्वाचे चार तोंडांचे देव होतात. टाइप करणारे तो काना हमखास चुकवतात, म्हणून तिथे प्रत्येक वेळी थांबायचं.

शब्द एकदा निवडला की त्याचं लिंग इमानाने पाळा. ‘आमचं कुलदैवत फार कडक आहे, ते नवसाला पावतं’ हे शुद्ध मराठी आहे. ‘खंडोबा गडावर राहतो’ हेही शुद्ध आहे. ‘खंडोबा हे आमचं कुलदैवत’ यात दोन्ही एका ओळीत नांदतात आणि जेजुरीला निघालेल्या माणसाला त्यात काही खटकत नाही. खटकतं ते ‘देव सगळ्यांना बघतं’. नपुंसकलिंग हवं असेल तर नपुंसकलिंगी नाम आणा. पुल्लिंगी नामाला ओढून ताणून नपुंसकलिंगी क्रियापद जोडू नका.

आणि ‘देव’ शब्दाला ‘ते’ चालतच नाही, याचं एक साधं कारण आहे. छापील मराठीत ‘ते आले’ म्हटलं की वाचक त्याला आदरार्थी बहुवचन समजतो. ‘साहेब आले, ते बसले’, तसं. बोलताना आपण ‘ते आलं’ आणि ‘ते आले’ वेगळं म्हणतो, पण ग्रांथिक लेखनात दोन्ही ‘आले’च. म्हणजे देवाला लिंगापलीकडे न्यायला गेलात आणि वाचकाच्या डोळ्यांसमोर आले कोणी धोतर-कोटातले आदरणीय गृहस्थ.

मग लिंग दाखवायचं नसेल तर? मराठी इथे फार उदार आहे, नुसतं माहीत हवं. भविष्यकाळात तृतीयपुरुषी क्रियापदाला लिंग नसतं: देव बघेल, देवी बघेल, दैवत बघेल. ‘देव करो’, ‘देवी पावो’ यांतही नसतं. ‘आहे’त नाही, ‘नाही’त नाही. ‘झोपतो’ला लिंग आहे, ‘झोपत नाही’ला नाही. आज्ञार्थात नाही, आणि प्रार्थना तर निम्मी आज्ञार्थातच असते: ये, धाव, पाव, सांभाळ. ‘आपला’ हे जिच्याशी जुळतं ती वस्तू, मालक नव्हे. ‘देवाने आपली लेकरं सांभाळली’ यात ‘आपली’ आणि ‘सांभाळली’ दोन्ही लेकरांच्या मागे गेली, देव मोकळा राहिला. शाळेत कर्मणी आणि भावे प्रयोग रडत रडत पाठ केलेले असतात, त्यांचा खरा उपयोग मला इथे कळला.

पसायदानच घ्या ना. ‘आतां विश्वात्मकें देवें । येणें वाग्यज्ञें तोषावें’. ‘देवें’ ही तृतीया, ‘तोषावें’ हा भावे प्रयोग. आणि ‘विश्वात्मकें’ पुल्लिंगात नि नपुंसकलिंगात सारखंच. शके १२१२ म्हणजे इसवी सन १२९०ची ही भाषा. ज्ञानेश्वरांनी हे मुद्दाम केलं असं मी म्हणणार नाही, मागणं मागायची मराठी रीतच तशी आहे. पण ती दुरुस्त करायला निघालेल्या संगणकाने नेमका ‘तोषावें’च मोडावा, याचं मला हसू आवरेना.

त्या पुस्तिकेतला एक परिच्छेद मी कसा बसवला ते दाखवते. आधी असा होता: ‘देव आपल्यावर प्रेम करतो. तो कधीही झोपत नाही. त्याने हे जग निर्माण केले आणि तो त्याची काळजी घेतो. आपण हाक मारली की तो धावत येतो.’ मी केला तो असा: ‘देवाचं आपल्यावर प्रेम आहे. देवाला झोप नाही. हे जग देवाने निर्माण केलं आणि त्याची काळजीही देवालाच. हाक मारा, देव धावून येईल.’ तृतीयपुरुषी सर्वनाम एकच उरलं, ‘त्याची’, आणि ते जगाचं. उलट वाक्यं आखूड झाली आणि आपल्या घरात कोणी बोलावं तशी झाली. ‘देव’ शब्द चार वाक्यांत पाचदा आला हे खरं. इंग्रजीत ते टोचेल, मराठीत प्रार्थनेला पुनरुक्ती शोभते. पण चाळीस पानं असं करू नका, दमायला होतं. लेख लांब असेल तर मध्ये ‘दैवत’, ‘ईश्वरी कृपा’, ‘चैतन्य’ असे शब्द फिरवा.

यावर मंडळींचा निरोप आला, ‘देव’ हा शब्द पुल्लिंगी राहिलाच की. राहिला. राहू दे. आपण ‘घरातले देव’ म्हणतो तेव्हा ताम्हनात अन्नपूर्णा असते, देवीचा टाक असतो, शाळिग्राम असतो. कोल्हापूरला अंबाबाईसमोर उभी राहून माझी आई ‘देवा, सगळ्यांचं भलं कर’ म्हणायची, आणि समोर देवी आहे हे तिला माझ्याहून चांगलं माहीत होतं. हा शब्द वापरून वापरून इतका गुळगुळीत झालाय की त्याचं पुरुषपण बरंच झिजलंय. पूर्ण नाही. ते मंडळींचं म्हणणं मला मान्य आहे. म्हणूनच पुस्तिकेच्या दुसऱ्या अर्ध्यात मी ‘माउली’ सुचवला, आणि तो त्यांनी घेतला.

‘माउली’वर मी स्वतः एकदा सपाटून मार खाल्लाय. दिवाळी अंकातल्या वारीच्या लेखात ‘माउली आळंदीहून निघाले’ असं होतं. मी तरुण, व्याकरण तोंडपाठ. माउली स्त्रीलिंगी म्हणून सगळीकडे ‘निघाली’, ‘थांबली’, ‘पोचली’ करून टाकलं. अंक बाहेर पडल्यावर लेखकाचा, एका म्हाताऱ्या कीर्तनकारांचा, फोन आला. रागावले नाहीत. म्हणाले, ‘बाई, ज्ञानोबारायांना माउली म्हणतो ते मायेने, आणि निघाले म्हणतो ते अदबीने. तुम्ही माया ठेवली, अदब काढलीत.’ तेव्हापासून नियम असा: ‘माउली’ म्हणजे ज्ञानेश्वर असतील तर आदरार्थी ‘निघाले’. विठ्ठलाला आई म्हणून हाक असेल तर ‘विठू माउली पावली’. आणि शंका असली तर ‘माउली म्हणतात’, ‘माउलींनी सांगितलं’; यात लिंग दिसतच नाही.

अभंगाला मात्र हात लावायचा नाही. हे मी टाइप करणाऱ्यांच्या टेबलावर चिकटवून ठेवायला सांगते. जनाबाई एका ठिकाणी ‘विठो माझा लेकुरवाळा’ म्हणते. लेकुरवाळी हा बाईचा शब्द, कडेवर एक नि पदराला एक असलेल्या बाईचा. जनाबाईने तो पुरुषाला घातला आणि लिंग पुरुषाचंच ठेवलं. दुसरीकडे तीच ‘ये गं ये गं विठाबाई । माझे पंढरीचे आई’ म्हणते. इथे ‘गं’ आहे! आणि ‘माझे पंढरीचे आई’ हे जुनं संबोधन आहे. हे ‘माझी पंढरीची आई’ करून माझ्याकडे किती वेळा आलंय त्याची गणती नाही. नामदेवांच्या ‘तू माझी माउली’ या अभंगात ‘पाजी प्रेमपान्हा पांडुरंगे’ असतं. ‘पांडुरंगा’ नव्हे, ‘पांडुरंगे’. ‘माते’ म्हणावं तसं. एका मात्रेत नामदेवांनी पांडुरंगाची आई केली आणि आपण ती छपाईची चूक समजून खोडणार! अशा शब्दांखाली मी टिंबं देते, म्हणजे ‘आहे तसंच राहू द्या’.

देव आणि देवी जोडीने आले तर प्रश्न आपोआप सुटतो. ‘ती दोघं आली’ असं आपण नवराबायकोबद्दल म्हणतो ते नपुंसकलिंगच. ‘अमृतानुभवा’च्या पहिल्या ओवीत शिवशक्तीला वंदन आहे, तिथे ‘जगाचीं जियें जनकें’ आणि पुढे ‘देवोदेवी’ अशी रूपं आहेत. जोडीचं लिंग तिसरंच. ज्यांना घारापुरीच्या लेण्यातला अर्धनारीश्वर आठवेल त्यांना हे व्याकरणातही बघायला मिळेल.

उद्धृतांची एक नेहमीची खोट. देव ना स्त्री ना पुरुष, याला पुरावा म्हणून ‘नैव स्त्री न पुमानेष न चैवायं नपुंसकः’ हा श्वेताश्वतर उपनिषदातला श्लोक बऱ्याच लेखांत येतो. श्लोक खरा आहे, पण पाचव्या अध्यायातला तो भाग जीवाबद्दल आहे. जे शरीर घेईल त्याच्याशी जोडला जाणारा तो जीव. देवाबद्दल हवं असेल तर त्याच उपनिषदाच्या चौथ्या अध्यायातलं ‘त्वं स्त्री त्वं पुमानसि’ घ्या: तू स्त्री, तू पुरुष, तू कुमार, तूच कुमारी. दोन्हींत फरक मोठा आहे. एकात सगळी लिंगं नाकारली आहेत, दुसऱ्यात सगळी देऊन टाकली आहेत. आणि नाकारणाऱ्या श्लोकातही ‘एष’ आणि ‘अयं’ ही सर्वनामं पुल्लिंगीच आहेत, बरं का. ऋषींचीही त्यातून सुटका झाली नाही.

मजकूर दुसऱ्या धर्माचा असेल तर आपली हुशारी आवरा. ख्रिस्ती पत्रकात ‘पिता’ असेल तर तो ‘पिता’च राहील, ते नातं आहे, वर्णन नव्हे. कॅथलिक धर्मशिक्षणाच्या अधिकृत ग्रंथातच म्हटलंय की परमेश्वर पुरुषही नाही आणि स्त्रीही नाही. यशयाच्या ६६व्या अध्यायात तर आई लेकराचं सांत्वन करते तसं मी करीन, असं खुद्द परमेश्वराचं बोलणं आहे. ‘पवित्र आत्मा’ मराठीत पुल्लिंगी, कारण ‘आत्मा’ पुल्लिंगी. त्याच अर्थाचा शब्द हिब्रूत बहुधा स्त्रीलिंगी, ग्रीकमध्ये नपुंसकलिंगी, लॅटिनमध्ये पुल्लिंगी. अरबीत नपुंसकलिंग नाहीच, तेव्हा अल्लाहसाठी येणाऱ्या पुल्लिंगी सर्वनामावरून कोणी पुरुषपण सिद्ध करत असेल तर तिथे समासात प्रश्नचिन्ह टाका.

राहिली मुलं. मुलांसाठी लिहिताना किंवा सांगताना वरचं काही उपयोगाचं नाही. सासरची आमची कुलदेवता गोव्यातली, फोंड्याजवळ म्हार्दोळची महालसा. विष्णूचं मोहिनीरूप म्हणून तिची पूजा होते, ‘महालसा नारायणी’ म्हणतात, आणि तिच्या गळ्यात जानवं असतं. जेजुरीला म्हाळसा खंडोबाची बायको. माझी नात चार वर्षांची असताना तिला म्हार्दोळला नेलं. सगळे तिला ‘बाप्पाला नमस्कार कर’ म्हणत होते. तिने साडी बघितली, दागिने बघितले, आजोबांच्या गळ्यातलं तसंच जानवं बघितलं आणि मोठ्याने विचारलं, ‘हा बाप्पा मुलगी आहे?’ रांगेतली माणसं हसली. मी म्हटलं, हो, ही देवी आहे, आणि हीच विष्णूसुद्धा आहे. ती म्हणाली, ‘मग जानवं त्याचं राहिलंय का?’ मी ‘हो’ म्हटलं. मुलांना जे समोर दिसतंय तेच सांगा, समोर जे नाव आहे त्याच नावाचं लिंग वापरा, आणि पुढचा प्रश्न आला तरच पुढचं उत्तर द्या.

एवढं सगळं झालं की फाइल छापायला सोडण्याआधी संगणकाला एकदा ‘तेंड’ शोधायला लावा. नसेल सापडत तर ‘संतेष’.