टॅबवर यमन लिहिताना

सदाशिव पेठेतल्या आमच्या हार्मोनियम क्लाससाठी यमन रागाची सरगम टॅबलेटवर स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, उतरवायची होती. गाणाऱ्या मुलींचा सा काळी चार, म्हणजे सप्तकातली चौथी काळी पट्टी. तिथून लिहावं तर पानभर शार्प-फ्लॅटची, म्हणजे स्वर अर्धा चढवणाऱ्या-उतरवणाऱ्या खुणांची, जत्रा. शेवटी सा पांढरी एक (पहिली पांढरी पट्टी) धरला आणि की-सिग्नेचर, म्हणजे ओळीच्या सुरुवातीची खूण, एका शार्पची ठेवली. तीव्र म आपोआप येतो, बाकी स्वर शुद्धच. ऐकवताना अख्खं पान चार सेमीटोन (अर्धे स्वर) खाली ट्रान्सपोज करायचं, म्हणजे सरकवायचं, झालं काळी चार!

मुखडा, म्हणजे सुरुवातीची ओळ, तालाच्या नवव्या मात्रेपासून, म्हणून 16 मात्रांचे चार-चार मात्रांचे चार बार (खाने) करून पहिले दोन रिकामे सोडले. नाहीतर सम, म्हणजे तालाची पहिली मात्रा, भलतीकडेच पडते. कण-मींड (स्वराला लागणारा निसटता स्वर आणि एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाणं) मात्र मी छापील कागदावर पेन्सिलीनेच काढतो. फाइल म्युझिकएक्सएमएल या स्वरलिपीच्या फाइल-प्रकारातही ठेवली, लॅपटॉपवर म्युझस्कोअर या स्वरलिपीच्या प्रोग्रॅममध्ये उघडते.