एटीव्हीची बॅटरी वर घ्यायचीय? आधी केबलचं बघा

आपल्या बेळगावकडच्या खानापूर-जांबोटी पट्ट्यात पावसाळ्यात काय परिस्थिती असते ते तुम्हाला सांगायला नको, कणकुंबीकडं तर तांबडा चिखल आणि ओढा ओलांडल्याशिवाय शेतात पोचताच येत नाही. आणि बऱ्याच एटीव्हींना (चिखल-दगडातनं चालणारी जाड चाकांची चारचाकी) बॅटरी दिलेली असते सीटखाली नाहीतर पाय ठेवायच्या जागेजवळ, अगदी खाली. पाण्यानं बॅटरी लगेच मरत नाही, पण टर्मिनलवर बसलेला चिखल ओलाच राहतो, हिरवी-पांढरी पूड धरते आणि मग सकाळी सेल्फ मारला की नुसतं टक टक. म्हणून लोक बॅटरी पुढच्या नाहीतर मागच्या कॅरिअरखाली वर घेतात, चांगलं काम हाय, पण डबा बसवणं सोपं, खरं काम केबलचं.

जागा बघताना सायलेन्सर आणि रेडिएटरची गरम हवा टाळा, बेल्टच्या (इंजिनची ताकद चाकांकडं नेणाऱ्या) डब्याची हवा घ्यायची डक्ट झाकू नका. पाणी घालायची साधी बॅटरी असेल तर ती उभीच पाहिजे आणि तिची व्हेंट नळी खाली सोडायला पाहिजे, म्हणून शक्य असेल तर सीलबंद एजीएम बॅटरीच (हिच्यात पाणी घालायचं नसतं) घ्या. मोठ्या एटीव्हीची बॅटरी सात-आठ किलोच्या घरात जाते, ती दगडधोंड्यात उसळणार, तेव्हा प्लास्टिकच्या कॅरिअरला नुसता पट्टा आवळून चालत नाही, फ्रेमला बोल्ट केलेला लोखंडी ट्रे पाहिजे. बेळगावच्या उद्यमबागेत कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं माप दिलं की करून देतात, ट्रेला खाली भोकं ठेवायला सांगा म्हणजे पाणी साचत नाही. गाडीवरच वेल्डिंग करायचं असेल तर आधी बॅटरीच्या दोन्ही वायरी आणि ईसीयूचा (इंजिनच्या कॉम्प्युटरचा) सॉकेट काढा, नाहीतर ईसीयू जायचा धोका असतो.

आता केबल. सेल्फ मारताना शंभर-दीडशे अँपिअर करंट सहज ओढतो. समजा दीड मीटर जायला, दीड मीटर यायला, १६ स्क्वेअर एमएमच्या तांब्याच्या वायरीत १५० अँपिअरला साधारण अर्धा व्होल्ट वायरीतच जातो, २५ स्क्वेअर एमएम घेतली तर एक तृतीयांश व्होल्ट. थंडीत आणि जुन्या बॅटरीला हा फरक चांगलाच कळतो, म्हणून २५च घ्या. अशी जाड वायर म्हणून दुकानात वेल्डिंग केबल मागितली की स्वस्तातली ॲल्युमिनियमची पण देतात, ती नको, टोक सोलून तांबं बघूनच घ्या. लग (वायरीच्या टोकाला बसणारं भोकाचं टर्मिनल) हायड्रॉलिक क्रिम्पिंगनं दाबून घ्या, हातोडीनं ठोकू नका, आणि वरून गोंद असलेली हीट श्रिंक (गरम केली की आवळणारी नळी) चढवा. निगेटिव्ह फक्त फ्रेमला देऊन सोडू नका, रंगाखाली गंज असतो, सरळ इंजिनच्या बॉडीपर्यंत वेगळी केबल न्या आणि तिथनं फ्रेमला जोड द्या.

स्टार्टर रिले (सेल्फला करंट सोडणारा स्विच) जुन्या जागी सोडून बॅटरी लांब नेली की बॅटरी ते रिले ही जाड वायर चोवीस तास जिवंत राहते, कुठं फ्रेमला घासली की सरळ आग. त्यापेक्षा रिलेच बॅटरीजवळ आणा आणि त्याच्या बारीक कंट्रोल वायरी वाढवा, मग लांब जाड वायरीत सेल्फ मारतानाच करंट असतो. गाडीचा मेन फ्यूज आणि चार्जिंगची वायर पण रिलेच्या बॅटरीकडच्या बाजूला घ्यायची, फ्यूज बॅटरीला जितका चिकटून तितका चांगला. भोकातनं वायर जाते तिथं रबरी ग्रोमेट, वरून चिरलेली कन्ड्युट (प्लास्टिकची नळी), आणि हँडल पूर्ण दोन्हीकडं फिरवून कुठं ओढ बसतेय का ते बघा.

काढताना आधी निगेटिव्ह, जोडताना शेवटी निगेटिव्ह, यात बदल नाही.

झालं की मल्टिमीटर घ्या. गाडी बंद असताना विश्रांतीला बॅटरीवर १२.६ व्होल्टच्या वर दिसायला पाहिजे, इंजिन चालू करून थोडा रेस दिला की साधारण १३.८ ते १४.४. मग एक जण सेल्फ मारत असताना लाल पिन बॅटरीच्या पॉझिटिव्हला आणि काळी स्टार्टरच्या बोल्टला धरा, अर्ध्या व्होल्टच्या वर आकडा गेला तर कुठला तरी जोड सैल हाय, तो शोधूनच पुढं जा.

आणि बॅटरी वर गेली म्हणून गाडी जास्त खोल पाण्यात घालू नका बरं का, इंजिनची आणि बेल्टची हवा घ्यायची तोंडं जिथं होती तिथंच हायत. पहिल्या दोन-चार फेऱ्या झाल्या की ट्रेचे आणि टर्मिनलचे नट परत आवळा, टर्मिनलला व्हॅसलिन लावा.